आधी दोरीला विचारा

मागच्या अंकात भोवऱ्याबद्दल लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की माझ्याकडे लाडवाच्या जुन्या डब्यात सत्तावीस यो-यो आहेत आणि त्यातला एकही बेअरिंगचा नाही. त्या एका वाक्यावर भोवऱ्यापेक्षा जास्त पत्रं आली. म्हणून या वेळचं सदर सगळं यो-योचं. सगळी पत्रं छापायला जागा नाही, सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

शब्दांचा घोळ नको म्हणून आधीच सांगते. दोन चकत्या आणि मधला दांडा, तो दांडा चकत्यांना पक्का बसवलेला, आणि दोरीचा फास थेट त्या दांड्यावर घासत फिरतो, असा जो यो-यो त्याला मी साध्या आसाचा म्हणते. इंग्रजीत त्याला फिक्स्ड अ‍ॅक्सल म्हणतात. बेअरिंगवाल्यात दोरी बेअरिंगवर बसते, म्हणून तो मिनिटंच्या मिनिटं फिरत राहतो.

बाई, मुलाच्या नवव्या वाढदिवसाला बाराशे रुपयांचा धातूचा यो-यो ऑनलाइन मागवला. खाली जातो, मस्त फिरतो, पण वर येतच नाही. मुलगा रडकुंडीला आलाय. बिघडलेला माल आलाय का? परत पाठवू का? (एक आई, सांगली)

बिघडलेला नाही हो. तो तसाच असतो. स्पर्धेत खेळणाऱ्यांना यो-यो दोरीवर उड्या मारत असताना मधेच वर यायला नको असतो, म्हणून तो झटका दिल्यावर वर न येणाराच बनवतात. त्याला वर आणायला दोरीचा एक पदर मुद्दाम फटीत कोंबावा लागतो, त्याला बाइंड म्हणतात. नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी ते शिकवणं म्हणजे पोहायला येत नसताना सूर मारायला लावण्यासारखं. कपाटात ठेवा, दोन वर्षांनी काढा.

आत्ता साध्या आसाचा घ्या, दुकानात जाऊन आणि हातात धरून. मी दुकानात उभी राहून काय बघते ते सांगते. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

पहिल्यांदा फट बघा. दोन चकत्यांच्या मधल्या फटीत दोरीचे दोन पदर शेजारी शेजारी आरामात बसले पाहिजेत, तिसरा अडला पाहिजे. फट याहून अरुंद असेल तर यो-यो खाली पोचला की लगेच वर उडी मारेल, थांबणारच नाही. फारच रुंद असेल तर तुमच्या बाराशेवाल्यासारखी गत. मग दोरी थोडी सोडून यो-यो लोंबकळता धरा. एका बाजूला कलत असेल तर दोन चकत्यांचं वजन सारखं नाही, ठेवून द्या. मग दोन्ही टोकांना बोटं लावून गोल फिरवा आणि कडेकडे बघा. कड लाटेसारखी वरखाली होत असेल तर तोही नको. आकार साधारण साडेपाच ते सहा सेंटिमीटर व्यासाचा, वजन पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास. लहान मुलासाठी म्हणून जो इवलासा मिळतो तो घेऊ नका. हलका यो-यो फिरायलाच तयार नसतो आणि मूल म्हणतं, मला जमत नाही.

आता लाकडी की प्लास्टिक? तुमच्या घरात शहाबादी फरशी असेल तर पहिला प्लास्टिकचा. लाकडी यो-यो फरशीवर कडेवर आपटला की शिरेत तडकतो आणि मग कितीही डिंक भरा, तो डगमगतोच. आकारात दोन जाती येतात. एक बाहेरून गरगरीत आणि आत अरुंद, जुना पारंपरिक. दुसरा फुलपाखराचे पंख उघडावेत तसा, बाहेर पसरत जाणारा. मुलाला यो-यो दोरीवर टेकवायच्या करामती करायच्या असतील तर फुलपाखरी, कारण दोरीला आत शिरायला दार मोठं. समोर फेकून परत झेलण्याचाच नाद असेल तर गरगरीत.

आणि दोरी. यो-यो कोणताही घ्या, बरोबर चार सुती दोऱ्या घ्या. पुढच्या सगळ्या उत्तरांत मी हेच सांगणार आहे.

जत्रेतून लाखकाम केलेला लाकडी यो-यो आणला. दिसायला इतका देखणा की शोकेसमध्ये ठेवावा. पण दहा-पंधरा वेळा फेकल्यावर दोरी लाल झाली आणि आता आसाला चिकटून बसते. लाकूड वाईट आहे का? (एक वाचक, कुडाळ)

तुमचं पत्र वाचून मला माझ्या वडिलांचा वास आला. खरंच सांगते. ते कातारी होते. साताऱ्यात आमच्या घरामागच्या पडवीत त्यांचा लेथ होता. लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब, पाळण्यावर टांगायची चिमणाळी, असलं कातकाम करायचे. लाख लावायच्या दिवशी पडवीभर तापल्या लाखेचा गोडसर वास असायचा.

लाख कशी लावतात बघितलंय का तुम्ही? तुमच्यापासून सावंतवाडी हाकेच्या अंतरावर आहे, चितारआळीत कुणी काम करत असेल तर जरूर उभे राहा. लाकूड लेथवर गरगर फिरत असतं आणि कारागीर लाखेची रंगीत कांडी त्यावर नुसती टेकवतो. घासण्याची उष्णता एवढी होते, की लाख वितळून लाकडावर पसरते. मग केवड्याचं पान दाबून धरतात आणि तिला ती चकाकी येते. ब्रश नाही, चूल नाही. लाख घर्षणानेच वितळते.

आता तुमचा यो-यो डोळ्यांपुढे आणा. आसावर दोरी घासतेय. सेकंदाला कितीतरी फेरे, सगळा जोर एवढ्याशा जागेवर. म्हणजे आसावरही तेच चाललंय जे लेथवर चाललं होतं. कारागिराने रंगाच्या भरात फटीच्या आतही लाख फिरवली असेल तर ती मऊ होणार, दोरीला लागणार, आणि गार झाली की दोरीला धरून बसणार. लाकूड बिचारं निर्दोष आहे.

उपाय सोपा. दोरी काढा. बारीक पॉलिश पेपरची, चारशे नंबरच्या आसपासची, अर्धा सेंटिमीटर रुंद पट्टी कापा, आसाभोवती गुंडाळा आणि बूट पुसतो तशी मागेपुढे ओढा. लाल भुकटी पडायची थांबली आणि पांढरं लाकूड दिसलं की थांबा. आस बारीक करायचा नाहीये. आतल्या भिंतींवर, आसाच्या लगतच्या भागात लाख असेल तर तीही काढा, बाहेरची नक्षी राहू द्या. मग कोरडी नवी सुती दोरी. पहिले वीस-तीस फेके तो थोडा हट्टी वागेल. मग आस दोरीने घासून घासून गुळगुळीत होतो आणि खेळ सुधारतो. लाकडी यो-यो वापराने सुधारतो, हे त्याचं मला फार आवडतं.

पुढच्या खेपेला घेताना लाकडाची जात विचारा. पांगारा हलका असतो, खेळण्यातली फळं त्याची सुंदर होतात, यो-योला मात्र जड आणि दाट लाकूड हवं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी ज्या झाडाची होतात त्याला तिकडे आले म्हणतात, आपल्याकडचा काळा कुडा तोच. त्या लाकडाचे माझ्याकडे दोन आहेत, ते चांगले चालतात. वडिलांनी मला केला होता तो शिसवीचा.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा लाकडी यो-यो खाली तीनच सेकंद फिरतो. यूट्यूबवर लोक पाच-पाच मिनिटं फिरवतात. घर्षण कमी करायला आसाला शिवणयंत्राचं तेल घातलं, तर आता वरच येत नाही. काय करू? (पुणे)

तेल घातलंस! अरे बाळा, घर्षण कमी केलंस आणि मग तक्रार करतोस की दोरी पकड घेत नाही. दोन्ही एकच आहे.

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे हे एवढं ऐकून घे. यो-यो खाली फिरत राहतो, त्याला आपण झोपला म्हणू, तो का झोपतो? कारण दोरी आसाला बांधलेली नसते, नुसता फास असतो, आणि आस त्या फासात घसरतो. वर का येतो? तू झटका देतोस, त्यानंतर क्षणभर दोरी सैल पडते, सैल दोरी आसाला आणि भिंतीला चिकटून एक वेढा घेते, तो वेढा पुढचा वेढा ओढतो आणि यो-यो दोरी गुंडाळत वर येतो. म्हणजे झोपायला घसरण हवी आणि उठायला पकड. साध्या आसाच्या यो-योत दोन्ही कामं त्याच एका बोटभर लाकडावर होतात. पाच मिनिटं विसर. माझा स्वतःचा आजवरचा उच्चांक चौदा सेकंद आहे, आणि तो मी पेढे वाटून साजरा केला. सात-आठ सेकंद नेमाने मिळायला लागले की जवळपास सगळ्या जुन्या करामती त्यात बसतात.

एप्रिल 1985 मध्ये डिस्कव्हरी या स्पेस शटलमधून काही खेळणी अवकाशात नेली होती, त्यात यो-यो होता. डेव्हिड ग्रिग्ज या अंतराळवीराने तो फेकून बघितला. छान जायचा, छान यायचा, पण झोपायचा नाही. का ते तूच सांग. दोरी ताणून धरायला तिथे वजनच नाही ना, मग टोकाला पोचला की दोरी सैल पडणार आणि तो परत फिरणार. तुझा यो-यो तीन सेकंदांतच उठतो त्याचंही कारण बहुधा हेच आहे, फक्त ढिलाई तुझ्या हाताची. खाली पोचताना तू हात घट्ट धरतोस, टोकाला धक्का बसतो, यो-यो उसळतो आणि दोरी सैल पडते. पोचता पोचता हात दोन बोटं खाली जाऊ दे, अंडं झेलतो तसा.

फेकायचं कसं: तळहात वर, यो-यो मुठीत, दोरी मधल्या बोटावरून यो-योच्या माथ्यावरून पुढे गेलेली. दंडाची बेटकुळी दाखवतोस तसा हात वाकव आणि मग मनगटाने खाली फटकार. यो-यो बोटांवरून घरंगळत सुटला पाहिजे. लगेच तळहात खाली. फास मधल्या बोटाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पेराच्या मधे, पार मुळाशी नाही.

आता दोरी. यो-योची दोरी म्हणजे एकच लांब धागा मधोमध दुमडून स्वतःभोवती पिळलेला असतो. दुमडीच्या टोकाचा पीळ उलगडला की तिथे डोळा उघडतो, तोच आसावर चढवतात. आता दर फेकीला हाताच्या वळणाने पीळ किंचित वाढतो किंवा उतरतो. पीळ वाढला की डोळा आवळतो, आसाला करकचून धरतो, यो-यो झोपतच नाही आणि सैल दोरीला गाठी पडतात. पीळ उतरला की डोळा ढिला होतो, यो-यो निवांत झोपतो आणि कितीही ओढा, उठत नाही. दर पाच-सात मिनिटांनी फास बोटातून काढ, यो-यो हातात उंच धर, दोरी मोकळी सोड. ती स्वतःच गरगर फिरून हवा तेवढा पीळ ठेवते. माझ्याकडे यो-यो बिघडला म्हणून येणाऱ्या दहा मुलांतल्या आठांचं काम एवढ्यावर होतं.

दोरी सुतीच. पॉलिएस्टरची बेअरिंगवर चालते, पण साध्या आसावर घासून तापते आणि वितळून आसावर तिचा चिकट थर बसतो. आणि मांजा, मग तो कसलाही असो, हातात घेऊ नकोस. वर्षाकाठी कुणी ना कुणी विचारतं म्हणून लिहिते.

सुती दोरी गावात मिळत नसेल तर कर. क्रोशाचा सुती दोरा घे. अडीच मीटरचे चार पदर एकत्र कर. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं हँडड्रिलमध्ये धरलेल्या हुकाला. फिरव. दोरा ताणलेलाच ठेव. अडीच मीटरचा सव्वादोन होईपर्यंत पीळ भर. मग मधोमध बोट धरून दोन्ही टोकं एकत्र आण आणि बोट सोड. दोरा सापासारखा वळवळून स्वतःलाच गुंडाळून घेतो. झाली आठपदरी दोरी. ही वळवळ बघायला माझी नात अजून शेजारून पळत येते. लांबी मोजायची ती यो-यो जमिनीवर टेकवून, तुझ्या बेंबीपर्यंत. तिथे गाठ, गाठीखाली लहान फास, त्या फासातून दोरी ओढून घेतली की सरकता फास तयार.

तेलाचं काय ते राहिलं. टिश्यू पेपरने पूस, दोन दिवस उन्हात नको, सावलीत ठेव, मग पॉलिश पेपर. वर कुडाळकरांना सांगितलाय तसा. फारच हौस असेल तर दोरीच्या डोळ्याला मेणबत्ती एकदा, एकदाच, फिरव.

वय 68. निवृत्त. लहानपणी फक्त वर-खाली करता यायचा. आता शिकता येईल का? दोन दिवस प्रयत्न केला तर बोटाला वळ उठला आणि निळं पडलं. (नागपूर)

वयाचं काय घेऊन बसलात? यो-यो झोपवायला मी एकेचाळिसाव्या वर्षी शिकले. वळ उठतो कारण फास दर फेकीला आवळत जातो. पाच-सहा फेकींनंतर ढिला करा, एक दिवसाआड बोट बदला, आणि एका वेळी पंधरा मिनिटांच्या वर नको. दोन दिवसांनीही निळेपणा गेला नाही, किंवा तुम्ही रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. समोर फेकायचे प्रकार चष्मा लावूनच करा.

दादा म्हणतो, यो-यो हे फिलिपिन्समधल्या शिकाऱ्यांचं हत्यार होतं, झाडावर बसून फेकायचे. खरं का? (वय 12, नाशिक)

दादाला सांग, ही गोष्ट फार जुनी आणि फार गाजलेली आहे, पण तिला पुरावा नाही. विकणाऱ्यांना ती आवडली, म्हणून टिकली. हत्यार फेकल्यावर वर येऊन आपल्याच कपाळात बसलं तर शिकारी काय करेल, हेही विचार त्याला.

खरी गोष्ट ऐक. बर्लिनच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी 440 च्या सुमाराची एक ग्रीक मातीची वाटी आहे, तिच्यावर एक मुलगा दोरीला लटकलेली चकती खेळवतोय. अठराव्या शतकात फ्रान्स-इंग्लंडातली श्रीमंत मंडळी असल्या चकत्या घेऊन मिरवायची, इंग्लंडात तिला बँडलोर म्हणत. या युरोपातल्या चकत्यांची दोरी आसाला बांधलेली असे. खाली, वर, खाली, वर, बस.

मग आला पेद्रो फ्लोरेस. हा फिलिपिन्सच्या इलोकोस नॉर्ते भागातला. अमेरिकेत गेला आणि 1928 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा गावात त्याने यो-यो बनवायची कंपनी काढली. यो-यो हा शब्दही तिकडच्याच भाषेतला. त्याच्या यो-योची दोरी बांधलेली नव्हती, आसाभोवती नुसता फास होता. म्हणून तो झोपायचा, आणि झोपायचा म्हणून करामती करता यायच्या. पुढे डंकन नावाच्या व्यापाऱ्याने ती कंपनी घेतली, विस्कॉन्सिनमधल्या लक नावाच्या छोट्या गावात मेपल लाकडाचे यो-यो काढले, यो-यो हा शब्द स्वतःच्या नावावर नोंदवला. 1965 मध्ये कोर्टाने सांगितलं, हा शब्द आता सगळ्यांचा झाला, एकट्या तुमचा नाही.

माझ्या वडिलांनी मला सातवीत शिसवीच्या एका तुकड्यातून यो-यो कातून दिला. दोन चकत्या जोडलेल्या नाहीत, अख्खा एक ठोकळा, मधली खाच पटाशीने उतरवलेली. हाताला रेशमासारखा. आणि दोरी? त्यांनी आसाला गच्च गाठ मारून दिली. त्यांना वाटलं, सुटली तर पोरीला लागेल. मी तो वर्षभर खेळले, खाली-वर, खाली-वर, आणि कंटाळून टाकला. जवळपास तीस वर्षांनी एक बाजारचा यो-यो उघडला तेव्हा फास दिसला. त्याच दिवशी वडिलांच्या यो-योची गाठ कातरीने कापली आणि फास घातला. पहिल्याच फेकीला झोपला. वडील तेव्हा होते. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "हात्तिच्या!"

आम्ही दोघं भाऊ रोज संध्याकाळी गच्चीवर सराव करतो. आठ सेकंद झोपतो आमचा. पुढे काय शिकायचं आणि कोणत्या क्रमाने? (डोंबिवली)

आठ सेकंद म्हणजे तुम्ही पुष्कळ पुढे आहात. क्रम मी सांगते तो माझा, दुसरा कुणी वेगळा सांगेल.

आधी समोर फेक. हात मागे, मनगट फिरवून यो-यो समोर जाऊ द्यायचा आणि परत येताना तळहात वर करून झेलायचा. मग वॉक द डॉग, आमच्या घरात त्याला फेरफटका म्हणतात. जोरात झोपवायचा आणि जमिनीला हलकेच टेकवायचा. तो पुढे चालायला लागला की तुम्ही मागोमाग. गच्चीच्या खरखरीत कोब्यावर करू नका, कड खरवडते. सतरंजीवरही नको, अडकतो. गुळगुळीत फरशी, आणि यो-यो प्लास्टिकचा.

मग पाळणा, रॉक द बेबी. यावर थोडं थांबते कारण सगळे इथेच सोडून देतात. चूक अशी होते, की मुलं फिरत्या यो-योवर पाळणा शिकायला जातात. आठ सेकंद संपतात आणि बोटांत गुंता. आधी मेलेल्या यो-योवर शिका. नुसता लोंबकळता सोडा, न फिरवता. उजवा हात तोंडासमोर. डाव्या हाताची चार बोटं दोरीच्या साधारण मध्यावर पुढून टेकवा, दोरी त्यांच्यावरून पलीकडे पडू दे. आता उजवा हात खाली आणा आणि यो-योच्या वर चार बोटं अंतरावर दोरी चिमटीत धरा. ती चिमूट वर उचला, डावी बोटं पसरा. त्रिकोण उघडतो, मधे यो-यो लोंबतो. झोका द्या. सोडताना उलट काही करायचं नाही, सगळं एकदम सोडून द्यायचं आणि एक झटका. हे बिनफिरत्या यो-योवर पन्नास वेळा करा, टीव्ही बघत करा. बोटं न बघता तीन सेकंदांत त्रिकोण करायला लागली, की फिरत्यावर जा. पाच सेकंद झोका द्यायला उरतात. माझ्या नातीला हे नऊ दिवसांत जमलं, मला दोन महिने लागले.

त्यानंतर ब्रेकअवे, म्हणजे बाजूला फेकून समोरून अर्धगोल नेणं, आणि त्याच झोक्यात डाव्या हाताच्या तर्जनीवरून दोरी वळवून यो-यो दोरीवर टेकवणं, म्हणजे ट्रॅपीझ. फुलपाखरी यो-यो इथे कामाला येतो. पहिले शंभर वेळा हुकेल. दोरीकडे बघू नका, डाव्या बोटापासून यो-योचं अंतर बघा. बोटाच्या अगदी जवळ टेकवला तर बसतो, लांब टेकवायला गेलात तर आपटतो.

आणि याच्याही पुढे हल्लीचे साध्या आसाचे खेळाडू एक गंमत करतात, स्टॉल. ते यो-यो झोपवतच नाहीत. वर येता येता, हातात पोचायच्या आत, त्याला दोरीवर किंवा हातावर थबकवतात, फिरणं संपतं, आणि तसाच परत खाली पाडतात. गुंडाळलेली दोरी उलगडते, यो-योला पुन्हा फिरकी मिळते, या वेळी उलट्या दिशेने. म्हणजे झोपेची सेकंदं मोजायची गरजच नाही. थकला की पाडा, पाडला की ताजा. बेअरिंगवाल्याला हे असं जमत नाही, त्याला पकड नाही ना. मी गेलं वर्षभर यामागे आहे. सलग चार थबका माझ्या झाल्या आहेत. पाचव्याला दोरी बोटाभोवती अडकते आणि मला अजून कळलेलं नाही की चूक डाव्या हाताची आहे की उजव्या.

अराउंड द वर्ल्ड, म्हणजे झोपलेला यो-यो डोक्यावरून गोल फिरवणं, मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. जमायला ते सोपं आहे, सुरक्षित ठेवणं अवघड. लाकडी आसावर सुती दोरी आतून काळी पडते आणि तिथेच विरते. वरून दोरी नवीकोरी दिसते, डोळ्याजवळ दोन धागे उरलेले असतात. मी एकदा असाच आमच्या गच्चीवरून पृथ्वीप्रदक्षिणेला पाठवला आणि यो-यो शेजारच्या गच्चीत वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन पडला. नऊ कुरडया. त्या मला नंतर तळून डब्यातून पाठवण्यात आल्या, चिठ्ठीसकट. तेव्हा रोज खेळायच्या आधी दोरी आसापाशी उलगडून बघा, काळी दिसली की बदला, आणि दोघं भाऊ एकमेकांपासून दोन दोऱ्यांच्या अंतरावर उभे राहा.

मुलाकडे कॅलिफोर्नियाला जातेय. तिकडे यो-योचं काही बघण्यासारखं आहे का? आणि तुमच्यासाठी काय आणू? (एक वाचक, ठाणे)

चिको नावाचं गाव आहे, सॅक्रामेंटोच्या उत्तरेला. तिथे राष्ट्रीय यो-यो संग्रहालय आहे, एका खेळण्यांच्या दुकानाच्या मागच्या भागात. तिथला मोठ्ठा लाकडी यो-यो बघा. वजन 256 पौंड, म्हणजे एकशेसोळा किलो. सॅन फ्रान्सिस्कोचे एक दंतवैद्य आहेत, टॉम कून, त्यांनी तो 1979 मध्ये केला आणि क्रेनला टांगून खेळवला. दात बघता बघता या माणसाने लाकडी यो-योचा आस बदलता येईल अशी रचना काढली. आस झिजला की फक्त त्यावरची लाकडी नळी बदलायची, यो-यो तोच. त्यांचा नो जाइव्ह माझ्या डब्यात आहे, सत्तावीसपैकी एक, भाच्याने आणलेला. त्याच्या दोन चकत्या उलट्या जोडल्या की तोच यो-यो फुलपाखरी होतो.

माझ्यासाठी यो-यो आणू नका, डब्याचं झाकण बसत नाही आता. सुती दोऱ्यांचं एक पाकीट आणा, आठ नंबरची जाडी सांगा, त्यांना कळेल. पांढऱ्याच बघा. रंगीत दोरीचा रंग घामाने बोटाला लागतो आणि भाजीवाली विचारते, बाई, हाताला काय झालं?